विलायती चूल

लष्करात, कंपूच्या अलीकडे, दरेकरांची कोठी.
तिकीट चाळीस रुपये. फाडून देणारे
स्वतःच दरेकर : विश्वासराव,
गळ्यात ओला गमछा, पायांत मुलाचे जुने बूट.
"थांबा जरा," म्हणाले, "उन्हातनं आत आलं की
पहिली पाच मिनिटं काही दिसत नाही."

दिसायला लागलं तेव्हा भिंतींवर नुसते चौकोन,
पिस्ता रंगाचे. बाकी भिंत उडालेली.
तसबिरी दिल्लीचा एक माणूस घेऊन गेला
टेंपोत, गाद्यांत गुंडाळून.
विश्वासराव पहिल्या चौकोनापाशी थोडे वाकले,
"हे इथे मानाजीराव लागलेले होते.
तलवार उजवीकडे. चित्रकाराची चूक, कुणी बोललं नाही.
शेजारी सगुणाबाई. नथ खरी, हसू उसनं."
मीही मान लववली.
दुसरं काय करणार रंगासमोर.

मानाजीराव एकोणीसशे बारा साली विलायतेला गेले.
बारा पेट्या, लोणच्याची बरणी, एक आचारी
(तो एडनलाच उतरला).
कुण्या लॉर्डाच्या गावाकडच्या हवेलीत अकरा दिवस पाहुणे.
परत येऊन ही कोठी बांधली : पुढे हिरवळ,
जिला दोन भिश्ती दिवसभर पाजत,
आणि आत सात विलायती चुली, धुराड्यांसकट.
ग्वाल्हेरात.
जिथे मे महिन्यात दाराची कडी हाताला चावते.

लोक हसले. अजून हसतात.
चार चुली आता कोचिंगवाल्यांच्या भागात,
पोरं त्यांत बूट ठेवतात. दोनांत कबुतरं.
"ही सातवी. हात लावा.
हीच एकदा पेटली होती."

जेठ. लू सुटलेली.
थोरली सून सुंदराबाई, तासगावची, वय सतरा,
हिवतापानं अशी कुडकुडली की पलंगाचे पाय वाजत.
घरातल्या रजया संपल्या.
मानाजीराव म्हणाले, चूल पेटवा.
कुणालाच येईना. धूर उलटा आला.
माळ्याचा पोरगा छपरावर चढून बांबूनं
घरटी काढत राहिला, अंडी खाली येऊन फुटली.
मग एकदाची बाभूळ धडधडली,
माणसं पळाली अंगणात.
आत दोघंच उरली :
जिनं कधी मान वर केली नाही ती सून
आणि पहिल्यांदाच पगडी उतरवलेला सासरा,
घामानं निथळत, लाकडं सारत,
रात्रभर तिला विलायत सांगत.

उकडलेले बटाटे. पाऊस.
कुत्र्यांना तीन-तीन नावं,
नोकरांना एकच, सगळ्यांना मिळून.
सगळे हसले की आपण हसायचं, एक श्वास उशिरा.
"पोरी, अकरा दिवस मी विस्तवापाशीच उभा होतो.
त्या घरात एका विस्तवालाच मराठी येत होतं."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"
"तिनंच. चौऱ्याहत्तर साली, सरकारी दवाखान्यात.
मी डबा घेऊन जायचो.
ही गोष्ट सांगून झाल्याशिवाय जेवायची नाही.
तिची तसबीर नव्हतीच काढलेली.
म्हणून विकली गेली नाही."

मी हात आत घातला.
गार लोखंड, आणि बोटांना काजळी.

"तुमचं कुणी आहे का तिकडे?"
"मुलगा. लीड्सला. चार वर्षं झाली."
"काय म्हणतो?"
"फोनवर? हीटरचंच बोलतो. किती तापतो, बिल किती आलं.
मी म्हणते, दुसरं काहीतरी सांग."

विश्वासराव काही बोलले नाहीत.
गमछा भिजवायला नळावर गेले,
बराच वेळ पिळत राहिले.

तीन वाजले होते. तिकडे साडेदहा.
पायरी भाजत होती, तशीच टेकले, नंबर लावला.
फोनवर काळी बोटं उमटली.
"काय झालं आई? आज मधेच?"
"काही नाही रे," म्हटलं,
"तो हीटर. सांग ना, कसा आहे."